रक्तद्रवाचे दप्तर

मीरा-भाईंदरच्या खाडीकाठी, जिथे मिठागरे मागे हटत गेली आणि इमारतींची दाटी वाढत गेली, तिथल्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या बालकाला पहिल्या चोवीस तासांत ‘हेपॅटायटिस बी’ या काविळीची लस टोचावी असा राष्ट्रीय लसीकरणाचा दंडक आहे, परंतु काविळीवर माळ घालून घ्यावी असे सांगणारी आजी ज्या घरात अद्याप आहे, त्या घरापर्यंत हा दंडक पोहोचण्यापूर्वी प्रयोगशाळांना किती वर्षे पुरावा गोळा करावा लागला, याची वार्ता सहसा कोणी विचारीत नाही.

त्या पुराव्याच्या महाराष्ट्रातील मुख्य कचेऱ्यांपैकी एक पुण्यात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून 1952 साली तेथे विषाणू संशोधन केंद्र स्थापिले. कीटकांमार्फत पसरणारे विषाणू हा त्याचा आरंभीचा विषय होता, आणि 1957 साली शिमोगा जिल्ह्यात माकडे व माणसे यांना ग्रासणाऱ्या क्यासनूर ज्वराचा छडा त्यानेच लावला. 1978 साली त्याचे ‘राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था’ असे नामांतर झाले, डॉ. खोर्शेद पावरी या तिच्या पहिल्या स्त्री संचालक.

पेशवे दप्तर ज्या शहरात आहे, त्याच शहरात हे दुसरे दप्तर रक्तद्रवाचे आहे. त्यातील दस्तऐवज गोठवलेल्या कुप्यांत असतात आणि त्यांची रुजवात कधी कधी पंचवीस वर्षांनी होते. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली, तेव्हा पाण्यातून पसरणारी म्हणून ती ‘ए’ प्रकारचीच असावी असे सर्व जण धरून चालले; परंतु तेव्हाचे जपलेले नमुने नव्या कसोट्यांनी तपासून या संस्थेतील पावरी, श्रीनिवासन व त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी 1980 साली दाखविले की आरोपी ‘ए’ही नव्हता आणि ‘बी’ही नव्हता. पुढे ज्याला ‘ई’ हे नाव मिळाले, तो हा विषाणू.

‘बी’चा स्वभाव निराळा. तो रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि मातेकडून अर्भकाकडे जातो. त्याचा व्यास अवघा 42 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत सुमारे 24 हजार कण ओळीने मावतील. परंतु आपल्या आवरणाचे प्रथिन तो रक्तात इतके उधळतो की अमेरिकी संशोधक ब्लुमबर्ग यांना 1965 च्या सुमारास एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तद्रवात प्रथम ते प्रथिनच सापडले, विषाणू मागाहून. म्हणून प्रयोगशाळा रक्ताची जबानी घेते: हे आवरणाचे प्रथिन, म्हणजेच पृष्ठ-प्रतिजन, आढळले तर संसर्ग आहे, त्याविरुद्धचे प्रतिपिंड आढळले तर संरक्षण आहे, विषाणूच्या गाभ्याविरुद्धचे ‘आयजीएम’ प्रतिपिंड आढळले तर संसर्ग बहुधा ताजा आहे.

या जबानीचा कस 2009 साली गुजरातेतील मोडासा येथे लागला. ‘बी’ची साथ येऊन बरेच रुग्ण दगावले, तेव्हा पुण्याच्या संस्थेतील डॉ. विद्या अरणकल्ले व सहकाऱ्यांनी नमुन्यांतील विषाणूची जनुकीय छाननी केली. तीत जनुकातील ठराविक बदल आढळले, आणि साथीचा संबंध नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांशी जोडला गेला. ज्या हातांनी बरे करायचे, त्याच हातांतून रोग गेला होता.

माळेने कावीळ उतरल्यासारखी दिसते, कारण ‘ए’ आणि ‘ई’ बहुधा आपोआप उतरतात, आणि प्रौढांमधला ‘बी’ही पुष्कळदा उतरतो. परंतु जन्मतः जडलेला ‘बी’ दहापैकी नऊ बालकांत ठाण मांडतो आणि पुढे यकृताचा काठिण्यविकार वा कर्करोग होऊन प्रकट होऊ शकतो. तोवर तो पिवळेपणाची वर्दीही देत नाही. यास्तव वाचकांना दोनच गोष्टींची विनंती: सुई टोचून घेताना ती नव्या वेष्टनातून निघाली की नाही हे डोळ्यांनी पाहावे, आणि घरात बालक जन्मले की पहिल्या दिवसाची लस दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.