दिवा गेला म्हणून स्विच फेकू नका



ऊस विकास खात्याने बेणे, खते, हुमणी सोडून ट्रकच्या दिव्यांवर का लिहावे, असे कोणीही विचारील. कारण सरळ आहे. वर्षभर राबून पिकवलेला ऊस शेवटी रस्त्यावरूनच गव्हाणीत येतो. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गाळला जावा असे आपण नेहमी सांगतो. वाटेत जितका रखडेल तितके वजन घटते आणि उताराही घसरतो. शिवाय अंधारात उभ्या असलेल्या गाडीवर कोणी येऊन आदळला, तर ते नुकसान कुठल्या काट्यावर मोजायचे?

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटात एका वाहतूकदाराकडे लिलावात घेतलेला जुना फौजी शक्तिमान होता. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने 1959 पासून जबलपूरला बांधलेले हे ट्रक. चारही चाके ओढणारे, त्यामुळे ओल्या रानातून भरलेला ऊस बाहेर काढायला खमके. आता त्यांची बांधणी बंद झाली आहे. या गाडीचे दिवे तास-अर्ध्या तासाने मंद होत आणि मग एकदम जात. गाडी थांबवून थोडा वेळ गेला की पुन्हा लागत. रस्त्यावरच्या मिस्त्रीने स्विच बदलून दिला. दोन रात्री बऱ्या गेल्या. तिसऱ्या रात्री पाटाच्या वळणावर पुढचे-मागचे सगळे दिवे गेले. दूध घालून परतणारा एक तरुण मोटरसायकलवरून आला, ऐनवेळी त्याला गाडी दिसली आणि तो चारीत गेला. हात मोडला, जीव वाचला. ऊस काट्यावर पोचला तो तिसऱ्या दिवशी.

खोडव्यावर केवडा पडला की काही जण लगेच युरियाचे पोते फोडतात. पण कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या रानात ती बहुधा लोहाची कमतरता असते. युरियाने ती भरून निघत नाही. दिव्यांचेही तसेच आहे. दिसते ते दुखणे आणि मूळ कारण वेगळे असू शकते.

आधी फौजी गाडीची तऱ्हा समजून घ्या. हिच्या दिव्यांच्या स्विचला साध्या ट्रकपेक्षा जादा टप्पे असतात. रात्री ताफा शत्रूला दिसू नये म्हणून मोठे दिवे बंद ठेवून, मागच्या डिफरन्शियलच्या पांढऱ्या गोळ्यावर पडणारा बारीक दिवा तेवढा लावायची त्यात सोय असते. मागची गाडी तो पांढरा ठिपका धरून चालते. अमेरिकन लष्कराच्या एम-35 ट्रकांत तर स्विच पूर्ण बंद असेल तर ब्रेक दाबूनही मागचा लाल दिवा लागत नाही. तेव्हा बटण भलत्या टप्प्यावर नाही ना, हे पहिल्यांदा बघा. क्लीनरने सहज फिरवलेले असते आणि आपण वायरी उपसत बसतो!

दुसरे, व्होल्टेज. शक्तिमानला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट मिळतात. ट्रॅक्टरचा 12 व्होल्टचा बल्ब त्यात घातला की क्षणात उडतो. टेपसाठी एकाच बॅटरीवरून वायर ओढू नका. एक उतरते, दुसरी जादा चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात.

यानंतर तपास असा करा :

1) बॅटरीची टोके घासून आवळा. फ्यूज पाहा. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी कधीही घालू नका. गाडीत वाळके पाचट असते, एक ठिणगी पुरते.

2) 24 व्होल्टचा छोटा बल्ब घेऊन त्याला दोन वायरी जोडा. एक टोक चेसिसच्या घासलेल्या, उघड्या पत्र्याला आणि दुसरे स्विचच्या आत येणाऱ्या वायरीला लावा. बल्ब पेटला नाही तर दोष स्विचच्या अलीकडे आहे.

3) आता बटण चालू करून बाहेर जाणाऱ्या वायरीला टोक लावा. आत वीज आहे आणि बाहेर नाही, तर मात्र स्विच खराब.

4) दिव्याच्या होल्डरपर्यंत वीज येते आणि चांगला बल्बही पेटत नाही, तर अर्थ गेली. दिव्याच्या बॉडीपासून चेसिसपर्यंत एक वायर तात्पुरती धरून पाहा. पेटला तर गंज घासून अर्थ पक्की करा.

यात एक फसगत होते. स्विचमधला जळका काँटॅक्ट छोट्या बल्बापुरती वीज सोडतो, पण मोठ्या दिव्यांचा भार त्याला पेलत नाही. म्हणून तिसरी तपासणी मोठे दिवे जोडलेले ठेवूनच करावी. दहा मिनिटांनी स्विचला हात लावा. गरम लागला तर काँटॅक्ट जळत आहे असे समजा. स्विच काढायचा झाल्यास आधी बॅटरीची अर्थ केबल सोडा.

आमच्या शक्तिमानचे मूळ इथेच सापडले. कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या वायरमनने पाहिले, तर मालकाने हौसेने चार फोकस लाइट त्याच स्विचवर जोडले होते. 70 वॅटचे दोन हेडलाइट 24 व्होल्टवर साधारण सहा अँपियर घेतात. त्यात तसलेच चार वाढले की भार तिप्पट, साडेसतरा अँपियर. जुना स्विच त्याने जळला आणि नवाही जळणारच होता. फोकस वेगळ्या फ्यूजवर रिले टाकून जोडले, मागच्या दिव्याची गंजलेली अर्थ घासली. पुढे हंगामभर तक्रार आली नाही.

तेव्हा गाडी फौजी असो, साधा ट्रक असो की ट्रॅक्टर-ट्रॉली, हंगामाआधी एका संध्याकाळी दिवे तपासून घ्या. मागे लोंबणारा ऊस लाल दिव्यावर येऊ देऊ नका. ट्रक-ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावाच. वीज गेली तरी ते चमकतात. वाटेत दिवे गेलेच तर गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण उतरवा, मागे माणूस बॅटरी घेऊन उभा करा आणि गट ऑफिसला कळवा. दिव्याशिवाय गाडी पुढे रेटू नका. ऊस उशिरा आला तर नुकसान होते खरे, पण ते पुढच्या हंगामात भरून काढता येते.

— ऊस विकास अधिकारी