फोटोशॉपमध्ये ‘वाशिम’चं ‘वाशमि’ का होतं? मराठी मजकूर नीट बसवण्याची सोपी पद्धत

आजोबांच्या तेरवीचा फ्लेक्स मी स्वतः डिझाइन केला होता. घरात इंजिनिअर नातू असताना दुसऱ्याला कशाला सांगायचं! व्हॉट्सअॅपवरचा मजकूर फोटोशॉपमध्ये पेस्ट केला आणि फाइल घेऊन वाशिममधल्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "भाऊ, हे ‘वाशमि’ काय आहे?" ‘जिल्हा’ची वेलांटी ‘ल’कडे सरकली होती आणि आजोबांच्याच नावातलं जोडाक्षर सुटलं होतं. तसंच छापलं असतं तर चौकात आजोबांचं नाव चुकीचं लागलं असतं.

असं का होतं?

युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘वाशिम’ म्हणजे व, काना, श, ऱ्हस्व वेलांटी, म असे पाच कोड. वेलांटी साठवली जाते ‘श’नंतर, पण दिसायला हवी ‘श’च्या आधी. ही अदलाबदल शेपिंग इंजिन करतं. ‘वत्सगुल्म’ या वाशिमच्या प्राचीन नावातले ‘त्स’ आणि ‘ल्म’ जोडणं हेही त्याचंच काम. हे इंजिन बंद असेल तर कोड जसे आले तसे ओळीत मांडले जातात. म्हणजे टायपिंग बरोबर असूनही चित्र चुकतं.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे वेलांटी आपणच आधी टाइप करतो. पण ती अक्षरं आतून इंग्रजी कोडच असतात. फॉन्ट बदलला की मराठी गायब!

काय करायचं?

1. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत एडिट > प्रेफरन्सेस > टाइप इथे जाऊन ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ किंवा ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडा. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.

2. आधीचा मजकूर तरीही तुटका दिसला तर तो लेयर निवडा आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ सुरू करा.

3. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस > टाइपमध्ये ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर टिक करा आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर निवडा.

4. फुकटात काम करायचं असेल तर इंकस्केप आणि गिंप आहेत. त्यांत युनिकोड मराठी वेगळ्या सेटिंगशिवाय जुळते.

मांडणी करताना

- अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्य ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते.
- दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.
- ‘फो बोल्ड’ वापरू नका, अक्षरांतल्या पोकळ्या बुजतात. ‘मुक्त’सारखा फॉन्ट घ्या. तो मोफत आहे आणि त्यात खरी ठळक वजनं मिळतात.
- ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द नीट तपासा. साधा ‘र’ जोडला की त्याचा रफार होऊन ‘शेतकर्यांचा’ असं उमटतं. तिथे नुक्त्याचा ‘ऱ’ टाइप करावा लागतो.

छापायला देण्याआधी

मजकुराचे आकार करून घ्या. फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू शेप’, कोरलड्रॉमध्ये कंट्रोल + क्यू. मग दुकानात तो फॉन्ट नसला तरी अक्षर हलत नाही. मात्र आकार झालेला मजकूर पुन्हा टाइप करून दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

त्या दिवशी दुकानदाराने पूर्ण मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केला आणि फ्लेक्स वेळेत लागला. सेटिंग मला नंतर सापडली. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: फाइल देण्याआधी प्रत्येक नाव मोठ्याने वाचायचं, शक्यतो ज्याच्या घरचं नाव आहे त्याच्याकडूनच वाचून घ्यायचं.