छायाचित्रातील भाग निवडण्यासाठी ‘मास्क’चा उपयोग



वाचनाच्या चित्रपट्ट्या तयार करताना एक अडचण वारंवार येते. बोरीच्या झुडपावर बसलेल्या बुलबुलाचे छायाचित्र चांगले साधलेले असते, परंतु त्याच्या मागे कुंपणाची तार असते, कोणाची मोटारसायकल उभी असते. मुलाने पाहावयाचा तो बुलबुल, बाकीचे नको. असे चित्र घेऊन संगणकापुढे बसलेला शिक्षक बहुधा खोडरबराचे साधन निवडतो आणि नको तो भाग पुसून टाकतो. ही रीत सोपी खरी, पण घातक आहे. हे मी अनुभवाने लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या अंगणात मुलांच्या कवायतीचे छायाचित्र मी घेतले होते. भित्तिपत्रकासाठी मुलांच्या मागील सारा देखावा खोडरबराने पुसला आणि तीच फाईल जतन केली. त्या देखाव्यात शाळेचा जुना पिंपळ होता. पुढे रस्ता रुंद करताना पिंपळ तोडला गेला. ग्रामस्थांनी स्मरणिकेसाठी त्याचे चित्र मागितले, तेव्हा माझ्याजवळ मुले होती, झाड नव्हते.

मास्क पुसत नाही, झाकतो. नवशिक्या मुलाची नजर एका ओळीवर राहावी म्हणून आपण पुठ्ठ्याला आडवी खिडकी कापून तो पुस्तकावर ठेवतो. खिडकीतून एकच ओळ दिसते. पुठ्ठा उचलला की सारे पान होते तसे दिसते. मास्क हा असाच पुठ्ठा होय. ‘मुखवटा’ हा प्रतिशब्द मला रुचत नाही. मुखवटा एक तोंड झाकून दुसरे दाखवितो. येथे तसे काही करावयाचे नसते. म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.

पुठ्ठ्यात आणि मास्कमध्ये एक मोठा फरक आहे. मास्क कापावयाचा नसून रंगवावयाचा असतो. तो स्वतःच एक चित्र असतो. मूळ चित्राएवढाच लांबरुंद, परंतु काळा, पांढरा व करडा एवढ्याच रंगांचा. मास्क जेथे पांढरा तेथे मूळ चित्र दिसते, जेथे काळा तेथे झाकले जाते, आणि जेथे करडा तेथे अर्धवट दिसते. नेहमीच्या आठ बिटांच्या चित्रात काळ्याची किंमत ०, पांढऱ्याची २५५ आणि मधल्या करड्या छटा २५४. ह्या करड्या छटांतच मास्कची खरी उपयुक्तता आहे. बुलबुलाच्या तुऱ्याची कडा कात्रीने कापल्यासारखी नसते. पिसांमधून मागचा उजेड झिरपत असतो. तेथे मऊ कडेचा कुंचला फिरवून करडी छटा दिली, तरच पक्षी चिकटविल्यासारखा दिसत नाही.

प्रत्यक्ष कृतीसाठी ‘गिंप’ हा विनामूल्य कार्यक्रम पुरेसा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली त्याचे काम आरंभिले. ‘फोटोशॉप’मध्येही तत्त्व हेच आहे. चित्र उघडून ‘लेअर’ ह्या यादीतील मास्क जोडण्याची आज्ञा द्यावी व ‘व्हाइट’ हा पर्याय निवडावा. चित्रात काहीच बदल दिसणार नाही, कारण पांढरा मास्क सर्व दाखवितो. थरांच्या पटावर मात्र लहान चित्राशेजारी एक पांढरा चौकोन दिसू लागेल. त्यावर टिचकी मारावी आणि मग काळ्या रंगाचा कुंचला नको त्या भागावर फिरवावा. चुकून पक्ष्याची शेपटी झाकली गेली तर ‘एक्स’ कळ दाबावी. काळ्या-पांढऱ्या रंगांची अदलाबदल होते. पांढरा फिरविताच शेपटी परत येते.

नवशिक्यांची नेहमीची चूक एकच. चौकोनाऐवजी चित्रावरच टिचकी मारलेली असते, आणि मागचा भाग नाहीसा होण्याऐवजी तेथे काळे फरांटे उमटतात. घाबरू नये, ‘कंट्रोल’ व ‘झेड’ कळांनी मागे यावे.

कोणता भाग निवडला गेला आहे हे आधी पाहावयाचे असल्यास ‘क्विक मास्क’ वापरावा. ‘शिफ्ट’ व ‘क्यू’ कळा एकत्र दाबल्या की न निवडलेल्या भागावर तांबडी झाक पसरते. रंग तांबडाच का, असे एका शिक्षिकेने विचारले होते. पूर्वी छापखान्यांत चित्राचा भाग झाकण्यासाठी तांबडा पारदर्शक पापुद्रा कापून लावीत. तेथील फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे. म्हणून कारागिराला त्यातून खालचे चित्र दिसे, पण फिल्मच्या दृष्टीने ते काळेच असे. यंत्र गेले, रंग उरला.

काम जतन करताना ‘एक्ससीएफ’ स्वरूप निवडावे. त्यात चित्र आणि मास्क दोन्ही शाबूत राहतात. चित्रपट्टीसाठी त्यातून वेगळी ‘पीएनजी’ प्रत काढावी. ‘जेपीईजी’त पारदर्शकता टिकत नाही, झाकलेल्या जागी सपाट रंग येतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. झाकलेले नष्ट होत नाही, हा मास्कचा गुण काही प्रसंगी दोष ठरतो. एखाद्या पालकाने मुलीचा चेहरा बाहेर जाऊ नये असे कळविले आणि आपण तो मास्कने झाकून ‘एक्ससीएफ’ फाईलच पुढे पाठविली, तर ती उघडणारा कोणीही एका टिचकीत मास्क काढून चेहरा पाहू शकेल. ‘पीएनजी’ प्रतीतही पारदर्शक भागाचे रंग राखण्याचा पर्याय चालू असेल, तर ते आत शिल्लक राहतात. म्हणून अशा वेळी चेहऱ्यावर पूर्ण काळा मास्क द्यावा, करडी छटा कोठेही राहू देऊ नये, आणि बाहेर फक्त ‘जेपीईजी’ प्रत पाठवावी. मूळ फाईल शाळेच्या संगणकातच, मुख्याध्यापकांच्या ताब्यात ठेवावी.