चिडाचा चीक

दाराखिडक्यांना तेलरंग देताना टर्पेंटाइन मिसळतात, त्याचा उग्र वास तुमच्या ओळखीचा असेल. आज दुकानात मिळतं ते बरेचदा खनिज तेलापासून केलेलं असतं. मूळचं टर्पेंटाइन मात्र झाडातून निघतं.

ते झाड म्हणजे चीड. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरउतारांवर त्याची जंगलंच्या जंगलं आहेत. आपण बाभळीला खाच पाडून डिंक काढतो ना, तसंच तिथं करतात. साल तासायची, खाली पत्र्याची पन्हाळी ठोकायची, तिच्याखाली भांडं अडकवायचं. जखम बुजवायला झाड चीक सोडतं. तिकडे त्याला लीसा म्हणतात. काही दिवसांनी धार आटली, की थोडं वर पुन्हा नवी खाच. हा लीसा भट्टीवर तापवला की वाफेबरोबर तेल निघतं, ते टर्पेंटाइन. तळाशी उरते ती राळ. ती साबणाला, कागदाला, वार्निशला लागते.

इंग्रजांनी १८९० च्या दशकात कुमाऊँत हे काम सुरू केलं. पुढे बरेलीला कारखाना निघाला. चिडातून पैसा येतो म्हटल्यावर वनखात्याने चीडच वाढवला. गावच्या बायांना मात्र हवा होता बांज. बांजाचा पाला गुरं खातात, त्याच्या सावलीत झरे टिकतात. चिडाच्या सुया कोणतं गुरू खाईल? शिवाय राखीव जंगलात चराईवर आणि लाकूडफाट्यावर बंधनं आली. गवताच्या भाऱ्यासाठी किती लांब जावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको.

१९२१ साली कुमाऊँत लोकांचा राग उसळला. वेठबिगारीविरुद्ध मोठं आंदोलन झालं, आणि त्याच उन्हाळ्यात लीसा काढायची चिडाची जंगलं गावकऱ्यांनी पेटवून दिली. बांजाच्या रानाला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही.

स्वातंत्र्यानंतरही ठेकेदार आलेच, आणि ज्यादा लीशाच्या हावेनं नियमापेक्षा खोल खाचा पडू लागल्या. अशी झाडं वाऱ्यात मोडून पडतात. १९७७ मध्ये टिहरी गढवालच्या हेंवल खोऱ्यात चिपकोच्या लोकांनी झाडांत ठोकलेली लोखंडी पाती उपटून काढली आणि जखमांवर चिखल लिंपून गोणपाट बांधलं. गाईच्या पायाला आपण पट्टी बांधतो, अगदी तसं.

उत्तराखंडात आजही लीसा काढतात. काहींच्या घरी त्यातून मजुरी येते, तेव्हा तो बंदच करा असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. पण खाच किती खोल घ्यायची, हा प्रश्न आजही तिथल्या बायांच्या जिवाशी आहे. उन्हाळ्यात वणवा आला, की जुन्या जखमेवर साचलेली राळ भडकते आणि उभं झाड बुंध्यापासून जळतं.