कुणाचा रं तू?

आमच्या सातारा-सांगलीकडं पीडब्ल्यूडी म्हटलं की डांबराची पिंपं आणि खडीचे ढीग आठवतात. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर हीच तीन अक्षरं टाकून एंटर दाबलं, की आपण कुठल्या डिरेक्टरीत उभे आहोत ते कळतं. समजा, /सातारा/वाळवा/कासेगाव.

गंमत ही, की डिरेक्टरीला स्वतःचं नाव ठाऊकच नसतं! तिच्यापाशी असतो फक्त एक क्रमांक, आयनोडचा. सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा. नाव असतं बापाच्या, म्हणजे वरच्या डिरेक्टरीच्या, वहीत. मग पत्ता लागतो कसा? जुन्या युनिक्सचं पीडब्ल्यूडी अक्षरशः पायऱ्या चढायचं. प्रत्येक डिरेक्टरीत दोन नोंदी असतातच: एक टिंब म्हणजे मी, दोन टिंबं म्हणजे माझा बाप. आपला क्रमांक लक्षात ठेवून ते बापाकडं जाई, त्याची वही चाळी, तो क्रमांक कुठल्या नावापुढं आहे ते बघे, नाव टिपून घेई. मग बापाचं नाव आजाकडं. पारावरचा म्हातारा ‘कुणाचा रं तू? कुणापैकी?’ विचारत पोराला थेट पणजोबापर्यंत नेतो, तसंच. आता ही वंशावळ लिनक्सचा कर्नेल, म्हणजे गाभा, स्वतःच्या स्मरणात बाळगतो. चढण मात्र तीच.

आणि थांबायचं कुठं? मुळाशी दोन्ही नोंदी एकाच क्रमांकावर बोट ठेवतात. स्वतःच स्वतःचा बाप! तिथं शिडी संपते.

पण पत्ते बदलतातही. 1949 साली वाळवा, तासगाव असे तालुके साताऱ्यातून काढले, सांगली, मिरज, जत या संस्थानांचा मुलूख जोडला आणि दक्षिण सातारा जिल्हा झाला. 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. कासेगावातली विहीर वीतभरही सरकली नाही. पत्ता दोनदा बदलला. एकाच डिस्कवर डिरेक्टरी दत्तक जाते तेव्हाही नोंद एका वहीतून दुसरीत जाते, दोन टिंबं नव्या बापाकडं वळतात. आतल्या फायलींना पत्ताही नसतो.

आपल्या आज्ञा ऐकणारा शेल, बॅश, मात्र जुन्या वळणाचा. तुम्ही डिरेक्टरीत असताना दुसऱ्या खिडकीतून कुणी तिचं नाव बदललं, तर बॅशचं घरचं पीडब्ल्यूडी पाठ केलेला जुनाच पत्ता सांगतं, पाकिटावर ‘जि. सातारा’ लिहीत राहणाऱ्या आजोबांसारखं. /बिन/पीडब्ल्यूडी म्हणा, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला विचारा, मग नवं नाव निघतं.