कूलंटचा लाल दिवा लागला, आता काय करायचं?

मे महिना, भरलेली गाडी, एसी चालू आणि समोर कसारा घाटाचा चढ. इंजिनावर सगळ्यात जास्त ताण येतो तो असाच. त्यात डॅशबोर्डवर पाण्यात बुडालेल्या थर्मामीटरचं चिन्ह लाल झालं, तर पुढच्या काही मिनिटांत तुम्ही काय करता यावर खर्च ठरतो. तो एखाद्या होज पाइपवर भागू शकतो किंवा अख्खं इंजिन उघडावं लागू शकतं. या मिनिटांत ऐकीव सल्ले फार नुकसान करतात.

गैरसमज : घाट संपला की बघू. दोन-चार किलोमीटरनं काही होत नाही.

वस्तुस्थिती : होतं. बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. प्रमाणाबाहेर तापलं की ते वाकतं, हेड गॅस्केट उडतं आणि कूलंट ऑइलमध्ये शिरतं. मग हेड उतरवून फेसिंगला द्यावं लागतं. म्हणून लाल दिवा दिसताच पहिली सुरक्षित जागा बघून गाडी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि इंजिन बंद करा. महामार्गावर असाल तर माणसांना खाली उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. थांबायला लगेच जागाच नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा. इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये येते. पण हा उपाय थांबायच्या जागेपर्यंत पोहोचण्यापुरताच आहे.

काही गाड्यांत हेच चिन्ह सकाळी निळं दिसतं. त्याचा अर्थ इंजिन अजून थंड आहे एवढाच. इंजिन तापलं की ते आपोआप जातं.

गैरसमज : रेडिएटरचं झाकण उघडलं की वाफ निघून जाते आणि इंजिन लवकर थंड होतं.

वस्तुस्थिती : सगळ्यात धोकादायक सल्ला हाच. आतलं कूलंट दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही द्रवच राहतं. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि उकळतं पाणी व वाफ तोंडावर, हातांवर उडते. प्रेशर जिरल्याशिवाय आपण कुकरचं झाकण काढत नाही, तोच नियम इथेही पाळा. बॉनेटमधून वाफ येत असेल, तर ती थांबेपर्यंत बॉनेटही उघडू नका. इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा एकदम सुरू होऊ शकतो, त्यामुळे तिथे हात घालू नका.

गैरसमज : तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतावं.

वस्तुस्थिती : तापलेल्या धातूला अचानक गार पाणी लागलं तर त्याला तडा जाऊ शकतो. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप हाताला गार लागला, की झाकणावर जाड फडकं टाकून ते हळूहळू सैल करा आणि मगच कूलंट भरा.

गैरसमज : काटा खाली आला, म्हणजे धोका टळला.

वस्तुस्थिती : कूलंट पार गळून गेलं असेल, तर सेन्सर कोरडा पडतो आणि तापमान कमी दाखवू शकतो. वर चढलेला काटा एकदम खाली पडला, तर गाडी थांबवाच.

गैरसमज : पाणी काय आणि कूलंट काय, एकच.

वस्तुस्थिती : कूलंटमध्ये साधारणपणे इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्यं असतात. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण झाकणाच्या दाबाखाली सव्वाशे अंशांच्या आसपास उकळतं. साधं पाणी उघड्यावर 100 अंशांना उकळतं आणि महाबळेश्वरच्या उंचीवर तर त्याच्याही चार-पाच अंश आधी. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. अडचणीत पिण्याचं पाणी घालून गॅरेज गाठायला हरकत नाही, पण नंतर सिस्टीम फ्लश करून योग्य कूलंट भरून घ्या.

गैरसमज : हिरव्यात हिरवं, लालमध्ये लाल चालतं.

वस्तुस्थिती : रंग कंपनी आपल्या मर्जीनं देते, त्यावरून आतलं रसायन कळत नाही. न जुळणारी कूलंट मिसळली तर गंजरोधक निकामी होतात आणि कधी गाळही धरतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्या.

गैरसमज : कूलंट थोडं थोडं कमी होतंच, टॉप-अप करत राहायचं.

वस्तुस्थिती : ही बंद सिस्टीम आहे. पातळी वारंवार उतरत असेल, तर रेडिएटर, होज पाइप, वॉटर पंप किंवा गॅस्केट यांपैकी काहीतरी गळतंय. ऑइल दुधाळ झालं किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर गॅस्केट तपासून घ्या. जमिनीवर सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मुलांनाही त्याचा धोका असतो.

लांबच्या प्रवासाआधी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी मिन आणि मॅक्स या दोन खुणांच्या मध्ये आहे ना, एवढं बघा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात, तर 1033 वर मदत मागता येते. कारण सापडल्याशिवाय गाडी पुन्हा पळवू नका, ती टो करून न्या. टोइंगचा खर्च इंजिनाच्या कामापेक्षा कितीतरी कमी असतो.