तपकिरी केंद्रकांचा हिशेब

मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, समूळ काढला की प्रश्न मिटला, असं रुग्णाच्या घरच्यांना वाटतं. डोनाल्ड सिम्पसन यांच्या १९५७ च्या निबंधानं मात्र शस्त्रवैद्यांना कायमचं सावध केलं. आवरण आणि बाधित हाडासकट गाठ काढूनही सुमारे ९ टक्के रुग्णांत ती परत आली होती. गाठ मागे राहिलेल्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवाऱ्या आल्या, सुधारल्या, पुन्हा सुधारल्या. त्यात मी रमत नाही. पहिल्या प्रतीची निरुपद्रवी दिसणारी गाठ काही वर्षांनी डोकं वर काढते आणि दुसऱ्या प्रतीची कधीकधी गप्प राहते, हे कोडं प्रतवारीनं पुरतं सुटलं नाही.

त्यासाठीच मी केआय-६७ चा कैवार घेत आलो. १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी हे प्रतिपिंड घडवलं. शहराच्या नावाची पहिली दोन अक्षरं त्याच्या नावात राहिली. सुरुवातीला त्याला गोठवलेली ऊती लागे, त्यामुळे रोजच्या कामात ते दूरच होतं. नव्वदीच्या सुरुवातीला एमआयबी-१ हे नवं प्रतिपिंड आलं, मेणाचे छेद मायक्रोवेव्हमध्ये उकळण्याची युक्ती आली, आणि कपाटातले मेणात जपलेल्या ऊतींचे जुने ब्लॉक बोलू लागले. निळ्या केंद्रकांच्या गर्दीत विभाजनाच्या चक्रात असलेली केंद्रकं तपकिरी उठून दिसतात. जिथं ती सर्वाधिक दाटलेली, तो भाग शोधायचा आणि निदान हजारभर केंद्रकं मोजायची. चार टक्क्यांच्या वर आकडा गेला की गाठ परतण्याची शक्यता वाढते, असं अनेक अभ्यासांत दिसलं.

या आकड्याला नावं ठेवणारे सांगतात की दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. जुळतील कसे? लिंबाएवढी गाठ न कापता छोट्या बाटलीत कोंबतात. फॉर्मलिन कडेला पोचतं, आत मांस कच्चं राहतं, आणि तिथं रंग फिका पडतो. शस्त्रक्रियेआधी रक्तवाहिनी बुजवली असेल तर मृत भागाच्या कडेला तपकिरी केंद्रकं फाजील वाढतात. पॅथॉलॉजिस्टला ते कळवलंच जात नाही. वर मोजणी नजरेच्या अंदाजानं. दोष कामाचा, आणि खापर मात्र मार्करवर!

प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरही मी याच पंक्तीत बसवतो. चढत्या प्रतीबरोबर तो नाहीसा होत जातो. तो नसलेली आणि केआय-६७ चढलेली गाठ मला नेहमी जास्त काळजीची वाटली.

गुणसूत्रांची वाट १९६७ मध्येच दिसली होती. झांग आणि सिंगर यांना या गाठींत बाविसाव्या जोडीतलं एक गुणसूत्र हरवलेलं सापडलं. १९९३ मध्ये एनएफ२ जनुक हाती आलं, २०१३ मध्ये ट्राफ७, केएलएफ४, एकेटी१, स्मो. २०१७ मध्ये हायडेलबर्गच्या गटानं डीएनएच्या मिथायलेशनवरून नवी वर्गवारी मांडली. २०२१ च्या प्रतवारीत टर्ट प्रवर्तकातलं उत्परिवर्तन किंवा सीडीकेएन२ए/बी च्या दोन्ही प्रती गहाळ असणं, एवढ्यावरच गाठ तिसऱ्या प्रतीत जाते. हे मोठं काम आहे, मी ते मनापासून मानतो.

पण परिषदांत काही मंडळी आता सूक्ष्मदर्शकाखालची काच मोडीत काढा म्हणतात, ते मला पटत नाही. मिथायलेशनची चाचणीसुद्धा बहुधा त्याच मेणाच्या ब्लॉकवर होते. जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णाला ती परवडणार कशी, हे कोणी बोलत नाही. केआय-६७ मात्र त्याच्या आवाक्यात आणता येतो.

आणि खरी तूट आहे पाठपुराव्याची. ही गाठ दहा-पंधरा वर्षांनीही परतते. तोवर रुग्ण दुसऱ्या शहरात, फाइल रद्दीत आणि ब्लॉक जागेअभावी टाकून दिलेला. ब्लॉकचे डबे उन्हाळ्यात मेण वितळून एकमेकांना चिकटलेले मी पाहिले आहेत. त्यावरचे नंबर पुसले गेले होते. मार्कर खरा ठरला की खोटा, हे सांगणारा पुरावाच आपण असा गमावतो. म्हणून रिपोर्टात नुसतं 'कमी' असं लिहू नये. टक्केवारी, कुठं मोजली, किती केंद्रकं मोजली, सगळं लिहावं. रुग्णालय बदलणाऱ्यानं एमआरआयच्या फिल्मबरोबर आपला ब्लॉकही मागून न्यावा. तो त्याचाच आहे.